हा कोणता पक्षी? – विचारायची काही रीत असते का?

मुलुंडची_खिडकी

नमस्कार मंडळी. गेल्या जूनमध्ये बँकेतून निवृत्त झाले. मुलाने वाढदिवसाला दुर्बीण आणून दिली, आणि तेव्हापासून सकाळचा चहा खिडकीत, कॉलनीतल्या पिंपळासमोर. साठीनंतर असं वेड लागेल असं वाटलं नव्हतं. बुलबुल, दयाळ, शिंपी एवढे आता ओळखता येतात.

परवा पक्षीनिरीक्षकांच्या एका ग्रुपवर पहिल्यांदाच फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं, "हा कोणता पक्षी?" तासाभराने एकाचं उत्तर आलं, "फोटो नीट काढा." दुसऱ्याने लिहिलं, "आधी पुस्तक उघडा." मग तिथे कुणाच्या तरी नव्या लेन्सची चर्चा सुरू झाली आणि माझा फोटो वर सरकून गेला. रात्री बराच वेळ झोप लागली नाही. मी तीस वर्षं काउंटरवर बसले. "ही स्लिप कुठे भरायची?" हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा ऐकला आणि पन्नास वेळा उत्तर दिलं. म्हणून मनाला लागलं.

रागाने लिहीत नाही. पण मला खरंच समजून घ्यायचं आहे. माझं विचारणं कुठे कमी पडलं? जाणकारांकडे मदत मागायची काही रीत असते का?

कल्याण_लोकल

वाचतेय. विणकामाच्या आणि कुंड्यांच्या ग्रुपवर मला हेच अनुभव आलेत. उत्तरं मलाही हवी आहेत.

दुर्बीण_८_४२

ताई, आधी हे सांगतो की तुम्हाला मिळालेली उत्तरं चुकीची होती. "पुस्तक उघडा" हे उत्तर नव्हे. पण तुम्ही मनापासून विचारलंय, म्हणून मनापासून सांगतो.

"हा कोणता पक्षी" एवढंच वाचलं की समोरच्याच्या हातात फक्त फोटो असतो. तो धूसर असेल तर काहीच नसतं. तुमच्याकडे मात्र फोटोत न आलेलं पुष्कळ असतं. तुम्ही त्या पक्ष्याकडे पाच मिनिटं पाहत होतात. तो फांदीवर कसा बसला, शेपटी हलवत होता का, एकटा होता की जोडीने, कुणाशी भांडत होता, हे सगळं तुमच्या डोळ्यांनी पाहिलंय, आमच्या नाही. ते लिहा.

मर्लिन नावाचं ॲप आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं. ते पक्षी सुचवण्याआधी पाच गोष्टी विचारतं: कुठे दिसला, कधी दिसला, केवढा होता, रंग कोणते, काय करत होता. माणसाला विचारतानाही या पाच गोष्टी सांगितल्या की निम्मं काम तिथेच होतं.

"केवढा" याला आपल्याकडे जुनी सोपी मोजपट्टी आहे. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कबुतराएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. "मध्यम आकाराचा" म्हटलं तर कुणाला काही कळत नाही. "साळुंकीपेक्षा लहान, बुलबुलापेक्षा जाड" म्हटलं की डोळ्यांसमोर उभा राहतो.

आणि शेवटी तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते लिहा. चुकलं तरी लिहा. "मला दयाळाची मादी वाटते, पण पोट फार पांढरं आहे" असं कुणी लिहिलं तर मी डबा खाता खाता उत्तर देतो. कारण त्या माणसाने आधी स्वतः डोकं लावलंय हे दिसतं.

हिरवा_कठडा

वरच्या प्रतिसादातलं सगळं खरं, पण मला एक खटकलं. सगळी रीत विचारणाऱ्यानेच का पाळायची?

जो नवा आहे त्याला काय पाहायचं हेच ठाऊक नसतं. डोळ्याभोवतीचं कडं, शेपटीखालचा रंग, पंखावरची पट्टी, या गोष्टी पाहायच्या असतात हे कळायलाच वर्ष जातं. दवाखान्यात माणूस "पोटात दुखतंय" एवढंच सांगतो. कुठे दुखतं, कधीपासून, जेवल्यावर की आधी, हे डॉक्टर विचारतात. मग आपण का विचारू नये? "ताई, केवढा होता? कुठे बसला होता?" हे टाइप करायला "फोटो नीट काढा"पेक्षा कितीसे जास्त कष्ट पडतात?

मी सहा वर्षांपूर्वी एका ग्रुपवर असाच गप्प झालो होतो. नंतर दोन वर्षं कुणालाच काही विचारलं नाही. दोन वर्षं वाया गेली माझी.

ओहोटी

हिरवा_कठडा, तुमच्याशी अर्धा सहमत. दुसरी बाजूही ऐका.

मी वाशीला राहतो. वीस वर्षं खाडीवर जातोय, शिवडीलाही जातो. फ्लेमिंगोच्या दिवसांत रोज कुणीतरी विचारतं, "उद्या शिवडीला फ्लेमिंगो दिसतील का?" मी विचारतो, किती वाजता जाणार? उत्तर, "सकाळी, उठलो की." अहो, शिवडीला घड्याळ चालत नाही, भरती-ओहोटी चालते. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी लांब गुलाबी रेघेसारखे दिसतात. पाणी चढू लागलं की तेच पक्षी सरकत सरकत धक्क्याजवळ येतात. भरती पूर्ण झाली की चिखलच बुडतो आणि ते उठून जातात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते. म्हणजे मागच्या रविवारी मित्राला सकाळी नऊला दिसले म्हणून या रविवारीही नऊला दिसतील असं नाही. भरतीचं कोष्टक कुणालाही बघता येतं.

हे मी शंभरदा लिहिलंय आणि अजून शंभरदा लिहीन. त्याचा कंटाळा नाही. कंटाळा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मी वेळ काढून सगळं लिहितो, आणि माणूस परत येतच नाही. गेला का, दिसले का, मुलांना आवडले का, काहीच नाही. गेल्या फेब्रुवारीत एका बाईंनी विचारलं होतं. त्या चौथ्या दिवशी परत आल्या आणि लिहिलं, "आईला घेऊन गेले होते. तिला गुडघ्यांमुळे फार चालता येत नाही, तुम्ही सांगितलेल्या वेळेला ती धक्क्यावर खुर्ची टाकून बसली आणि पक्षी तिच्यासमोर आले." तो एक निरोप मला सबंध मोसम पुरला.

कल्याण_लोकल

ओहोटीकाका, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मीही कुंड्यांच्या ग्रुपवर कधी परत जाऊन सांगितलं नाही की जास्वंद वाचली. आज सांगते.

पाणथळ_ऐरोली

नव्यांची अजून एक अडचण. नावंच गोंधळात टाकतात. हिवाळ्यात एलिफंटाच्या लाँचमागे उडणारे कुरव, म्हणजे पांढरे समुद्रपक्षी, बघा. एकाचं नाव काळ्या डोक्याचा कुरव, दुसऱ्याचं तपकिरी डोक्याचा कुरव. आणि दोघांचीही डोकी पांढरी! कानापाशी फक्त एक काळपट ठिपका. नाव पडलंय विणीच्या हंगामातल्या पिसांवरून, आणि तेव्हा ते इथे नसतात. परतायच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, काहींची डोकी गडद होऊ लागलेली दिसतात. अशा वेळी नवा माणूस "पुस्तकात बघितलं, पण जुळत नाही" म्हणाला तर तो खरंच बघून आलाय. त्याला "नीट बघ" म्हणणं अन्याय आहे. तपकिरीवाला थोडा मोठा, डोळा फिकट, पंखाच्या काळ्या टोकात पांढरे डाग. दोन ओळीत सांगून होतं.

नवशिक्या_घाटकोपर

छान धागा. माझाही एक प्रश्न. आमच्याकडे एक पक्षी रोज ओरडतो. कोणता असेल?

हिरवा_कठडा

मित्रा, बरोबर वेळेला आलास. आता आपण सगळे मिळून विचारू. कधी ओरडतो? आवाज कसा? एकच सूर की चढत जाणारा?

नवशिक्या_घाटकोपर

सकाळी दहानंतर, उन्हात. दुपारीसुद्धा. टुक टुक टुक टुक असा, थांबतच नाही. कुणीतरी भांडं ठोकतंय असा. पहिले दोन दिवस मला वाटलं वरच्या मजल्यावर काम चाललंय. सूर चढत नाही, एकाच लयीत. दिसला कधीच नाही. समोर उंबर आहे.

दुर्बीण_८_४२

वा! "भांडं ठोकतंय" या दोन शब्दांत उत्तर आलं. तांबट. तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटासारखा आवाज म्हणूनच हे नाव. उंबर पिकलाय का बघ, त्याच्या फळांवर तो येतो. अंगाने चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, म्हणून पानांत दिसत नाही. कपाळ लाल, गळा पिवळा. वाळलेल्या फांदीला गोल भोक पाडून घरटं करतो. आवाजाकडे बघत पाच मिनिटं एका जागी उभा राहा. दिसला की इथे येऊन सांग.

अंधेरी_पूर्व

पण एवढं सगळं कशाला? मर्लिन ॲप आवाज ऐकून थेट नाव सांगतं. माणसांना त्रास द्यायची गरजच काय?

पाऊलवाट_बोरिवली

ॲप मीही वापरतो, आनंदाने. पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भृंगराज आहे, शेपटीला दोन लांब तारा असलेला कोतवालाचा भाऊ. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. ॲपही फसतं, मीही फसलोय. ॲपचं उत्तर घेऊन आलात तरी हरकत नाही, फक्त तसं सांगा: "ॲप शिक्रा म्हणतंय, पण मला दिसला नाही." काही जण ॲपने दिलेलं नाव स्वतःचं म्हणून सांगतात आणि मग त्यावर हट्टाने वाद घालतात. तिथे बिघडतं.

आणि खरं सांगू का, माणसांना विचारण्यात त्रास नसतो. माझे आजचे सगळे मित्र असेच, कुणाला तरी काहीतरी विचारताना भेटले.

क्लिक_ठाणे

मंडळी, विषय निघालाच आहे तर विचारतो. मेअखेरीस नवरंग येतील. गेल्या वर्षी कुणी उद्यानात घरटं पाहिलं असेल तर नेमकी जागा सांगा ना. लोकेशन टाकलंत तरी चालेल. फोटो काढायचाय फक्त.

पाऊलवाट_बोरिवली

नाही सांगणार. का, ते मात्र नीट सांगतो, कारण तुम्हाला कुणी हे सांगितलं नसेल.

नवरंग पावसाच्या तोंडावर आपल्याकडे विणीला येतो. घरटं जमिनीवर किंवा अगदी खाली झुडपात, काटक्या-पानांचा गोळा. काही वर्षांपूर्वी एका साध्या, सज्जन माणसाने मला असंच विचारलं आणि मी सगळ्यांसमोर जागा लिहिली. ओढा कुठला, वळण कुठलं, सगळं. तिसऱ्या दिवशी गेलो तर तिथे दहा-बाराजण. घरट्यासमोरच्या फांद्या मोडलेल्या, फोटोत आड येत होत्या म्हणून. एकजण मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवत होता. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसलाय, तो पिल्लं सोडून भांडायला येतो. आठवड्याने घरटं रिकामं होतं. ज्याने विचारलं होतं तो त्या गर्दीत नव्हताच. त्याचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. अजूनही त्या वळणावर पाय जड होतात.

म्हणून विचारायच्या रीतीत हे आलंच पाहिजे. काही गोष्टी चारचौघांत विचारू नयेत, आणि विचारल्या तरी सांगू नयेत. घरटं, घुबडाची ढोली, रातथारा म्हणजे पक्ष्यांची रात्री झोपायची जागा. घुबडांच्या तर दिवाळीच्या सुमारास जिवावर बेततं, अघोरी प्रकारांसाठी पकडतात. ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट या लोकांनी पाहिलेल्याच्या नोंदी ठेवणाऱ्या साइट. ई-बर्डवर अशा नाजूक जातींच्या नोंदी झाकलेल्या असतात, आयनॅचरलिस्टवर धोक्यात असलेल्या जातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते. ती सोय उगाच नाही.

तुम्ही असं विचारा, "नवरंग पाहायचा असेल तर कुठल्या प्रकारच्या जागी, कुठल्या वेळी जावं?" मग मी तास न् तास बोलेन. पहिल्या सरीनंतर, पहाटे, पानगळीच्या जंगलात, दोन सुरांची स्वच्छ शीळ. वाटेवर गप्प उभं राहायचं. पाचोळा उलटताना तो आपणहून दिसतो.

क्लिक_ठाणे

हे खरंच माहीत नव्हतं. प्रश्न मागे घेतो. जूनमध्ये तुमच्याबरोबर यायला आवडेल, कॅमेरा पिशवीत ठेवीन.

पाऊलवाट_बोरिवली

या. कॅमेरा बाहेर काढलात तरी चालेल, मी आहे बरोबर.

सांताक्रूझची_आई

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. "पिल्लू खाली पडलंय, काय करू?" असा प्रश्न आला की कृपा करून आधी उत्तर द्या, रीत नंतर शिकवा. माझ्या मुलीने रडत रडत विचारलं होतं आणि तिला "फोटो आडवा काढ" असं ऐकावं लागलं. तोवर शेजारच्यांनी पिल्लाच्या चोचीत दूध घातलं होतं. वाचलं नाही ते.

ओहोटी

अगदी बरोबर. सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. अंगावर पिसं आलेली असतील आणि उड्या मारत असेल तर ते बहुतेक उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात. मांजरापासून वाचवायला उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब जा. हात लावला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. दूध, पाव, चोचीत पाणी काही नाही. उघडं, बिनपिसांचं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. जखमी असेल तर खोक्यात, अंधारात, उबेत ठेवून पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा.

गिरगावकर

मी इथे बहुधा नुसता वाचतो. आज लिहितो, कारण या प्रश्नाचं उत्तर आमच्याच वाडीशेजारी घडलेलं आहे.

१९०८ साल. खेतवाडीत मामांकडे वाढणारा एक पोरका मुलगा, वय दहा-बारा. छर्‍याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. उचलून बघतो तर गळ्यावर पिवळा डाग. नेहमीची चिमणी नव्हे. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारी होते, पण त्यांनाही ती ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. गोऱ्या साहेबासमोर एकट्याने जायचं म्हणून मुलगा बुजलेला. हातात ती चिमणी.

मिलार्डसाहेबांनी पक्षी पाहिला, पिवळ्या गळ्याची चिमणी असं नाव सांगितलं. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी मुलाला आत नेलं, कपाटांचे खण उघडून जपून ठेवलेले पक्षी एकेक करून दाखवले, आणि वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षितज्ज्ञ झालेले सालिम अली. संस्था तेव्हा पंचवीस वर्षांची होती, १८८३ची स्थापना. आज आपण सालिम अलींचा वाढदिवस, १२ नोव्हेंबर, पक्षिदिन म्हणून साजरा करतो.

मला यात दोघांचंही वागणं दिसतं. मुलगा रिकाम्या हाताने गेला नाही. जे हाती लागलं ते घेऊन गेला, आणि काय वेगळं दिसलं तेही त्याने हेरलं होतं. आणि साहेबांनी नुसतं नाव सांगून बोळवण केली नाही, खण उघडला. आता चिमणी मारायची नाही, डोळ्यांनी पाहिलेलं घेऊन जायचं. पण खण मात्र तसाच उघडला पाहिजे. मुलुंडच्या ताईंसाठी त्या दिवशी कुणी तो उघडला नाही, याचं मला वाईट वाटलं.

दुर्बीण_८_४२

आजोबा, नमस्कार घ्या.

हिरवा_कठडा

+१. "पुस्तक उघडा" आणि "खण उघडला" यात किती अंतर आहे.

नवशिक्या_घाटकोपर

दिसला!!! तांबट! उंबराच्या शेंड्याला, वाळक्या काटकीवर, आज सकाळी साडेदहाला. टुक म्हणताना डोकं डावीकडे-उजवीकडे वळवतो, म्हणून आवाज कुठून येतो कळत नव्हता. बायकोला आणि शेजारच्या काकांनाही दाखवला. ते पंचवीस वर्षं तो आवाज ऐकतायत, पहिल्यांदाच पाहिला. ओहोटीकाका, बघा, परत येऊन सांगितलं.

ओहोटी

सांगितलंस, पावलो.

मुलुंडची_खिडकी

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. गिरगावकर आजोबांचा मुलालाही वाचून दाखवला. आता माझा प्रश्न पुन्हा, नीट विचारते.

मुलुंड पूर्व, कॉलनीतला पिंपळ. १८ एप्रिल, सकाळी सातच्या सुमारास. कावळ्याएवढा, पण सडपातळ, शेपूट लांब. अंग तपकिरी, त्यावर पांढरे ठिपके, पोटावर आडव्या रेघा. डोळे लालभडक. आवाज केला नाही, पानांआड लपत होता. दोन कावळे त्याच्या मागे लागले होते, त्याला पिंपळावर टिकू देईनात. मला वाटलं ससाण्यासारखा काही शिकारी पक्षी असेल, म्हणून कावळे चिडले. पण चोच वाकडी दिसली नाही, तिथे अडले.

दुर्बीण_८_४२

ताई, चोचीपाशी अडलात तिथेच बरोबर होतात. ही कोकिळा. मादी. कुहू-कुहू गातो तो काळाकुळकुळीत नर, मादी ठिपक्यांची आणि तिचा आवाज किक-किक-किक असा. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, म्हणून कावळे तिला झाडाजवळ फिरकू देत नाहीत. लाल डोळे आणि कावळ्यांचा पाठलाग, या दोन गोष्टी तुम्ही लिहिल्यात म्हणून फोटो न बघताही सांगता आलं. आता खण उघडतो: त्या पिंपळावर किंवा शेजारच्या झाडांवर कावळ्याचं घरटं आहे का बघा. असेल तर महिनाभर खिडकी सोडू नका.

मुलुंडची_खिडकी

म्हणजे मी इतकी वर्षं जिला गाताना ऐकलं असं समजत होते, तो "तो" होता! घरटं आहे, समोरच्या आंब्यावर, तारा आणि काटक्यांचं. बघते.

मुलुंडची_खिडकी

(धागा वर आणतेय, महिन्यानंतर.)

२९ मे, सकाळी पावणेसात, तोच आंबा. कावळा एका पिल्लाला भरवतोय. पिल्लू काळपट, अंगावर फिकट ठिपके आणि पट्ट्या, शेपूट कावळ्याच्या पिल्लापेक्षा लांब वाटली. सारखं ओरडून मागतंय आणि कावळा धावपळ करून आणून देतोय. मला वाटतं हे कोकिळेचं पिल्लू आहे. बरोबर आहे का?

दुर्बीण_८_४२

बरोबर आहे, ताई.